शिमगा झाला की मोटार पाणी सोडते

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत आमच्या विहिरीवरची तीन एचपीची मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच सांगाड्यात असलेली) मोटार एकदा बटण दाबलं की लाइट जाईपर्यंत बिनतक्रार चालायची. शिमगा झाला की तिचे नखरे सुरू. पहिली वीस-पंचवीस मिनिटं भरलेली धार, मग धार बारीक, मग फसफस करत हवा आणि पाणी आलटून-पालटून, आणि शेवटी नुसती घरघर, म्हणजे मोटारीने पाणी सोडलं. बंद करून तासाभराने पुन्हा पाणी भरून चालू केली की परत तीच वीस मिनिटं. मृगात विहीर भरली की दुखणं आपोआप बरं.

असे तीन उन्हाळे काढले. पहिल्या वर्षी फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची, पाणी परत खाली उतरू न देणारी झडप बदलली. दुसऱ्या वर्षी ग्लँडची (फिरता शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथल्या फटीची) दोरी नवी भरली, सगळे सांधे उकलून सुतळी-सफेदा लावून परत आवळले. तिसऱ्या वर्षी दुकानदार म्हणाला, "तुमची मोटारच कमी पडतेय," म्हणून पाचची घेतली. पाचच्या मोटारीने बाराव्या मिनिटालाच पाणी सोडलं. जास्त ताकदीचं यंत्र कमी वेळ चालतं म्हटल्यावर मी पाना खाली ठेवला आणि आधी हिशेब मांडायला बसलो. हा हिशेब तुम्ही पहिल्याच उन्हाळ्यात मांडावा, म्हणजे माझ्यासारखे पैसे पाण्यात जाणार नाहीत. (पाण्यात गेले असते तरी चाललं असतं, विहिरीत पाणी तरी दिसलं असतं.)

आधी एक गैरसमज काढून टाकू. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ओढत नाही. तो फक्त स्वतःच्या पोटातलं पाणी फेकून देतो आणि तिथे दाब कमी करतो. पाणी वर येतं ते विहिरीतल्या पाण्याच्या तोंडावर बाहेरची हवा दाबून बसलेली असते म्हणून. पाइपाच्या आत दाब कमी, बाहेर जास्त, मग पाणी पाइपात वर ढकललं जातं. म्हणजे वर आणण्याचं काम हवेचं, आणि पंपाचं काम तिच्यासाठी वाट मोकळी करण्याचं.

खात्री करायची तर न्हाणीघरात जा. भरलेल्या बादलीत तांब्या पूर्ण बुडवा, आतली हवा जाऊ द्या, पाण्यातच उपडा करा आणि तोंड पाण्याखाली ठेवून हळूहळू वर उचला. तांब्यातलं पाणी बादलीच्या पातळीच्या वर उभं राहतं. त्याला कुणी ओढून धरलेलं नाही. बादलीतल्या पाण्यावर हवा दाबतेय, ती ते पाणी खाली उतरू देत नाही. आता कल्पना करा की तांब्या ताडासारखा उंच आहे. किती उंचीपर्यंत हवा पाणी तोलून धरेल? समुद्रकाठी १०.३३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट. त्याच्या वर तांब्या रिकामा राहील, मग तो कितीही उंच असो.

हा आकडा माणसाला पंप बिघडल्यामुळेच सापडला, हे मला फार आवडतं. इटलीत सतराव्या शतकात पंपवाल्यांची हीच तक्रार होती: ठरावीक खोलीच्या खाली पंप पाणी उचलत नाही. गॅलिलिओने १६३८च्या आपल्या ग्रंथात ही मर्यादा अठरा हात सांगितली (तिथला हात आपल्यापेक्षा लांब, हिशेब साधारण साडेदहा मीटरचा होतो). पण कारण चुकलं त्याचं. त्याला वाटलं की लांब लोंबणारा दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो, तसा पाण्याचा दोर तुटत असावा. त्याच्या मागून आलेल्या टॉरिचेलीने पाण्याऐवजी त्याच्यापेक्षा १३.६ पट जड असलेला पारा घेतला. पारा नळीत ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ सेंटिमीटरला १३.६ ने गुणा, आपले १०.३३ मीटर हजर. १६४४ च्या पत्रात त्याने लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. आमच्या मोटारीचं दुखणं त्या वाक्यात आहे.

समुद्राच्या तळाशी राहतो म्हटलं, तर डोंगरावर चढलं की तो समुद्र तेवढा उथळ होणार. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलने हेच ताडून पाहायला आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर पाठवलं. १९ सप्टेंबर १६४८ ला मेहुणे वर गेले, आणि पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरहून जास्त खाली उतरलेला दिसला. (मेहुण्याला कामाला लावायची रीत तिकडेही आहे तर.)

आपल्याला याचा उपयोग असा. रत्नागिरीला हवा पाणी १०.३ मीटर तोलते. पुण्याच्या उंचीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, साधारण ९.७ मीटर. महाबळेश्वरला पावणेनऊच्या आत-बाहेर. कोकणातल्या पाहुण्यांनी "आमची मोटार चोवीस फुटांवरून उचलते" म्हणून दिलेला सल्ला पाचगणीच्या विहिरीला का लागू पडत नाही, ते इथे दिसतं. दोघांच्या हवेतच पाच फुटांचा फरक आहे.

आता पुण्याच्या उंचीच्या ९.७ मीटरचे पावणेबत्तीस फूट होतात. मग मोटार तीस फुटांवरून का उचलत नाही? कारण या कमाईतून वजावटी आहेत. फूटव्हॉल्व्हची जाळी, पाइप, बाक यांतून पाणी घासत येतं, त्यात साधारण मीटरभर जातो. पाइप बारीक असेल किंवा बाक जास्त असतील तर दोन मीटरही जातात. पाण्याला स्वतःची वाफ होण्याची ओढ असते, तिशीच्या तापमानाला ती ०.४ मीटर खाते. आणि पंपाला आपल्या तोंडाशी पाणी येताना थोडा दाब शिल्लक लागतोच, नाहीतर पंपातल्या फिरत्या पंख्याच्या पोटात पाणी उकळायला लागतं. हा शिल्लक दाब पंपापंपावर बदलतो, पण शेतीच्या नेहमीच्या मोटारीला दोन-अडीच मीटर धरा. ९.७ मधून हे सगळं काढलं की हातात उरतात जेमतेम सहा मीटर, म्हणजे वीस फूट. जुने मिस्त्री "वीस फुटांच्या खाली मोटारीचा भरवसा नाही" म्हणायचे, ते याच वजाबाकीचं उत्तर.

पाण्याचं उकळणं हा अतिशयोक्तीचा शब्द नाही. दाब पुरेसा उतरला की पाणी तिशीच्या तापमानालाही उकळतं, पंख्याच्या तोंडाशी बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते फुटतात. पंपात मूठभर खडे टाकल्यासारखा कडकड आवाज येतो तो त्यांचाच. हा आवाज येत असताना मोटार चालवत राहिलात तर पंखा उघडल्यावर त्याच्यावर देवीचे व्रण पडल्यासारखे खड्डे दिसतील.

पाचच्या मोटारीचं कोडंही इथेच सुटलं. मोठी मोटार जास्त पाणी मागते. जास्त पाणी त्याच पाइपातून जोराने येणार, घासणं वाढणार, पंपाला लागणारा शिल्लक दाबही वाढणार. वजावटी फुगल्या आणि कमाई तेवढीच राहिली, कारण हवेला काही पाच एचपी कळत नाहीत. शिवाय मोठी मोटार विहीर लवकर उपसते, पातळी भराभर खाली जाते. म्हणून वीसची बारा मिनिटं झाली.

तेव्हा सगळ्यात आधी दोरी घ्या. पाना नको, दोरी. टोकाला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा आणि पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या तोंडापर्यंत किती अंतर आहे ते दोनदा मोजा. एकदा मोटार चालू करण्याआधी, आणि एकदा ती पाणी सोडते त्या क्षणी. दुसरं माप महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी घेत नाही. आमच्याकडे सकाळचं माप साडेसतरा फूट होतं. सगळे म्हणायचे, साडेसतरा म्हणजे काही खोल नाही. पण वीस मिनिटांनी पाणी सुटलं तेव्हा दोरी साडेबावीस दाखवत होती. झरे आटलेले, विहीर भरतेय कमी आणि उपसतोय जास्त.

सकाळची पातळी कुठलीही असो, दुसरं माप दरवेळी वीस फुटांपेक्षा कमीच येत असेल, उदाहरणार्थ बारा-चौदा फुटांवरच मोटार पाणी सोडत असेल, तर गुन्हेगार खोली नाही. तिथे हवेला दुसरी वाट सापडलीय. माप वीसपेक्षा जास्त असेल तर सांधे उकलण्यात दिवस घालवू नका, खालचं 'खोलीवर उपाय' वाचा.

हवा कुठून शिरते

सक्शनच्या, म्हणजे विहिरीपासून पंपापर्यंतच्या बाजूची गळती दिसत नाही, हीच तिची मेख. डिलिव्हरीचा, म्हणजे पंपाच्या पुढचा पाइप फुटला तर कारंजं उडतं, शेजाऱ्यालाही कळतं. सक्शनच्या पाइपात चालू असताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे भेगेतून पाणी बाहेर न येता हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि आपण म्हणतो, गळत तर नाही.

यावर उपाय म्हणजे गळतीची दिशा उलटी करणं. मोटार बंद करा, मेन स्विच पाडा, पाणी भरायच्या नरसाळ्यातून पंप काठोकाठ भरा आणि पंधरा मिनिटं बघत बसा. आता पाइपातलं पाणी वरून खाली वजनाने दाबतंय, म्हणजे आत दाब बाहेरपेक्षा जास्त. ज्या भेगेतून मघाशी हवा आत जात होती, तिच्यातून आता पाणी पाझरेल. नरसाळ्यातली पातळी उतरतेय आणि एखादा सांधा ओला दिसतोय, तर तो सांधा. पातळी उतरतेय आणि सगळे सांधे कोरडे, तर फूटव्हॉल्व्ह धरत नाही. त्याच्या चामड्याखाली किंवा रबराखाली काडी, शंख, खडा अडकला असण्याची शक्यता दांडगी, नवा घेण्याआधी काढून धुऊन बघा. माझा पहिल्या वर्षीचा फूटव्हॉल्व्ह अजून शेडमध्ये आहे, चांगला ठणठणीत.

पातळी अजिबात उतरली नाही तरी एक जागा राहते, ती म्हणजे ग्लँड. ती पंपाच्याच उंचीला असल्यामुळे या परीक्षेत तिच्यावर दाब फारसा येत नाही. तिच्यासाठी मोटार चालू करून दाढीच्या साबणाचा घट्ट फेस ब्रशने लावा, फिरत्या शाफ्टपासून बोटं लांब ठेवून. फेस आत ओढला गेला की समजा. दोरी भरलेल्या ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडायला हवं. अगदी कोरडी ग्लँड चांगली असं पुष्कळांना वाटतं, पण तिथून हवा शिरत असेल किंवा दोरी जळत असेल. फ्लँजच्या (नटबोल्टने आवळलेल्या चकत्यांच्या सांध्याच्या) पॅकिंगलाही फेस लावून बघता येतो. वारा नसेल तर उदबत्तीचा धूरही सांध्याकडे झुकताना दिसतो, पण विहिरीच्या काठावर वारा नाही असं कधी होतं?

तीन बारीक गोष्टी, ज्या मिस्त्रीही विसरतात. सक्शनचा आडवा पाइप पंपाकडे थोडा चढता हवा. मध्ये कुबड आलं की तिथे हवा साठते आणि साठून साठून पाण्याची साखळी तोडते. आमच्या पाइपाला जांभळाच्या मुळीने असंच कुबड आणलं होतं. दुसरं, फूटव्हॉल्व्ह पाण्याच्या तोंडापासून निदान दोन-अडीच फूट खाली असावा, नाहीतर वर भोवरा पडतो आणि हवा सरळ भोवऱ्यातून आत जाते. पण भोवऱ्याच्या भीतीने तळाला टेकवू नका, गाळ ओढेल. तिसरं, डीपीचं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं) काम झाल्यावर फेज उलटे जोडले गेले तर थ्री-फेज मोटार उलटी फिरते, पाणी नावापुरतं येतं आणि दोष हवेवर जातो. पंपावरचा बाण बघा, पाच सेकंदांचं काम.

मऊ काळा पाइप सक्शनला वापरणाऱ्यांनी एक आणखी तपासावं. भर उन्हात पाइप नरम पडतो आणि चालू असताना चपटा होतो. आत पोकळी झाली म्हणून पाइप 'आत ओढला गेला' असं आपण म्हणतो, पण त्याला बाहेरून हवेनेच चेपलेलं असतं. वीस फुटांवरून उचलताना पाइपाच्या दर चौरस सेंटिमीटरला बाहेरून सुमारे पाऊण किलोचा जादा दाब असतो, तळहाताएवढ्या जागेवर सत्तर किलोचा गडी उभा असल्यासारखा. सकाळी मोटार चालते आणि दुपारी पाणी सोडते, अशी तक्रार असेल तर आधी पाइपाला हात लावून बघा.

काटा लावून घेतलात तर

पंपाच्या सक्शनच्या तोंडाशी व्हॅक्यूमचा काटा बसवून घ्या. काही शे रुपयांत होतं आणि भांडणं मिटतात. काटा पाऱ्याच्या इंचांत असतो, एक इंच म्हणजे पाण्याचे १.१३ फूट. मोटार चालू असताना काटा अठरा दाखवत असेल तर हवा वीस फुटांचं काम करतेय, त्यात उंचीही आली आणि घासणंही.

मग दोरीच्या मापाशी ताडा. दोरी म्हणते चौदा फूट आणि काटा म्हणतो वीस-बावीस इंच, तर मधले आठ-दहा फूट कुठेतरी अडकतायत. जाळी चोंदलीय, पाइप बारीक आहे किंवा चपटा झालाय. काटा नीट चालला होता आणि एकाएकी शून्याकडे पडला, तर हवा शिरली. काटा वीस-बावीसवर थरथरतोय आणि पंपात खडे वाजतायत, तर हवेची ताकद संपली, तिच्याकडून आणखी मिळणार नाही. पुण्याच्या उंचीला हा काटा जन्मात अठ्ठावीसच्या पुढे जाणार नाही, कारण हवेकडे मुळात तेवढाच पारा तोलायची ताकद आहे.

आमचे एक चुलते ठामपणे सांगतात की आभाळ आलं की हवा हलकी होते आणि मोटार पाणी सोडते. हवा हलकी होते हे खरं. हिवाळ्याच्या मानाने पावसाळ्यात आपल्याकडे दाब साधारण दहा हेक्टोपास्कलनी कमी असतो, आणि रोजही सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला, दुपारी चारला उतरलेला असतो. पण दहा हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याचे दहा सेंटिमीटर. चार बोटं इकडे-तिकडे. मोटार अगदी काठावर चालत असेल तर ही चार बोटं तिला पाडतील, नाहीतर नाही. चुलत्यांना हे पटलेलं नाही.

खोलीवर उपाय

फुकटातला उपाय आधी. डिलिव्हरीचा कॉक थोडा आवळा. पाणी कमी येईल, पण घासणं कमी, पंपाची मागणी कमी आणि विहीरही हळू उपसेल. आमची तीनची मोटार कॉक निम्मा आवळल्यावर वीस मिनिटांऐवजी पावणेदोन तास चालली, आणि एकूण पाणी जास्त मिळालं. सक्शनच्या बाजूला कॉक असेल तर त्याला मात्र हात लावू नका, तो आवळणं म्हणजे आपल्याच हाताने गळा दाबणं.

दुसरं, सक्शनचा पाइप एक माप मोठा घ्या, बाक कमी करा. यातून दोन-तीन फूट मिळतात. दहा फूट मिळतील असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

खरा उपाय पंप खाली नेण्याचा. हवेची मर्यादा पाणी आणि पंप यांच्यामधल्या उंचीला आहे. पंपाच्या पुढे पाणी कितीही वर ढकला, तिथे मोटारीची स्वतःची ताकद लागते. विहिरीच्या आत टप्पा असेल तर त्यावर ओटा करून मोटार बारा-पंधरा फूट खाली बसवता येते. पण मग पाऊस लागायच्या आत चेनकुप्पी (वजन उचलायची साखळीची कप्पी) लावून ती वर काढायची आठवण ठेवावी लागते, आणि दर वर्षी पहिल्या वळवात एखाद्याची मोटार विहिरीत बुडालीच म्हणून समजा. ही दगदग नको असेल तर पाण्यातली मोटार घ्या. ती खालून ढकलते, तिच्या तोंडावर पाणी आधीच उभं असतं, हवेचे उपकार घ्यावे लागत नाहीत. बोअरला ती का घालतात तेही आता वेगळं सांगायला नको.

ऑटो स्विचवर चालवणाऱ्यांना एक विनंती. रात्री लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते, पाणी सोडलं तरी कोरडी फिरत राहते आणि सकाळपर्यंत सील जळून जातं. चैत्र-वैशाखात ऑटो काढून ठेवा, किंवा कोरडी फिरली की बंद पाडणारं यंत्र बसवा.

माझे आजोबा याच विहिरीवर मोट चालवायचे. धाव अजून आहे, थारोळ्याचा दगडही आहे. मे महिन्यात पाणी पस्तीस फुटांवर गेलं तरी मोट भरून वर यायचीच, कारण तिथे नाडा आणि बैल खरोखर ओढत होते, हवेचा संबंधच नव्हता. मी वडिलांना हा सगळा हिशेब समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पाचची मोटार बैलाएवढंही काम करत नाही का रे?" मी पाचची विकून पाण्यातली तीनची घेतली. गाठींची दोरी विहिरीच्या कठड्याला बांधून ठेवलीय, साडेबावीसच्या गाठीला लाल चिंधी आहे.